टॉम सिम्प्सन : एक जमाखर्च

(तृतीय वर्ष, वाणिज्य)

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी दीड महिना सुरतेला काकांकडे होतो. काका उधन्याच्या बाजूला यंत्रमागाच्या एका खात्यात हिशेब लिहितात. सुरतेत मागांच्या कारखान्याला खाते म्हणतात. आम्ही वाणिज्य शाखेची मुले खाते म्हटले की डावी-उजवी बाजू शोधू लागतो, त्यामुळे पहिले दोन दिवस माझा चांगलाच गोंधळ उडाला. आमच्या घरी आई कन्नड बोलते, वडील मराठी. दोन भाषांत वाढलेल्याला तिसरीची फारशी भीती वाटत नाही, एवढ्या भांडवलावर मी गुजरातीत हो-ना करू लागलो. काकांनी मला हजेरीबुक आणि मजुरीचे पत्रक लिहायला बसवले. कोणत्या कारागिराने किती मीटर कापड काढले ते लिहायचे, दराने गुणायचे, खाली बेरीज मारायची.

पहाट मात्र माझी स्वतःची असे. चुलतभावाची सायकल काढायची, डुमसच्या रस्त्याला लागायचे, समुद्राचे तोंड पाहायचे आणि ऊन चढायच्या आत परत फिरायचे. त्या रस्त्यावर भल्या पहाटे सुरतेचे हौशी सायकलवाले भेटतात. त्यांच्यातल्या एका वयस्कर गृहस्थांनी मला टॉम सिम्प्सन हे नाव प्रथम सांगितले. पुढे चुलतभावाच्या कपाटात टॉमवरचे एक जाडजूड इंग्रजी पुस्तकच सापडले. मराठी शाळेत शिकलेल्या मला ते वाचायला तीन आठवडे लागले. पण ज्या टेबलावर मी मजुरीचे पत्रक लिहीत असे, त्याच टेबलावर दुपारी ते वाचत असल्यामुळे दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकींत मिसळल्या, त्या अजून वेगळ्या होत नाहीत.

टॉमचा जन्म ३० नोव्हेंबर १९३७ चा, इंग्लंडच्या डरहॅम परगण्यातील हॅसवेल गावचा. वडील कोळशाच्या खाणीत कामाला. सहा भावंडांत हा धाकटा. पुढे हे कुटुंब नॉटिंगहॅमशायरमधील हारवर्थ या गावी आले. तेही खाणीचेच गाव. बाराव्या-तेराव्या वर्षी टॉमला सायकलचे वेड लागले. किराणा माल घरोघर पोचवण्याचे काम तो सायकलवरून करी आणि त्यातच एका गिऱ्हाइकाशी अदलाबदल करून त्याने बरी सायकल मिळवली. म्हणजे व्यवहारबुद्धी उपजतच होती. अंगकाठी इतकी किरकोळ की गावच्या क्लबातली मंडळी त्याला चार स्टोनचा कोप्पी म्हणत. फाउस्तो कोप्पी हा त्या काळचा इटलीचा थोर सायकलपटू. आणि चार स्टोन म्हणजे जेमतेम पंचवीस किलो. थट्टेचे हे नाव त्याला पुढे शोभले, ही गोष्ट वेगळी.

शाळा सुटल्यावर तो एका यंत्रकारखान्यात आरेखक म्हणून उमेदवारी करू लागला. जायला-यायला सायकल होतीच, तोच सराव. १९५६ साली मेलबर्न ऑलिंपिकमध्ये सांघिक पाठलाग शर्यतीत ब्रिटनला कांस्यपदक मिळाले, त्या चौघांत एकोणीस वर्षांचा टॉम होता. १९५८ साली कार्डिफच्या राष्ट्रकुल सामन्यांत त्याने वैयक्तिक पाठलाग शर्यतीत रौप्यपदक मिळवले.

पण इंग्लंडात सायकलवर पोट भरण्यासारखे नव्हते. व्यावसायिक शर्यतींचे खरे मैदान फ्रान्स, बेल्जियम आणि इटली. म्हणून एप्रिल १९५९ मध्ये, एकविसाव्या वर्षी, शंभर पौंडांची शिल्लक आणि दोन सायकली घेऊन हा मुलगा ब्रिटनीमधील साँ-ब्रियू गावी गेला. भाषा येत नव्हती. मला हे वाचताना काकांची आठवण झाली. तेही विसाव्या-एकविसाव्या वर्षीच एक ट्रंक घेऊन सुरतेच्या गाडीत बसले होते. टॉमने तेथे शर्यतींमागून शर्यती जिंकल्या आणि त्याच वर्षी साँ-राफाएल संघाने त्याला पगारी सायकलपटू म्हणून घेतले.

येथे एक खुलासा केला पाहिजे. आपल्याकडे संघ म्हटला की जिल्ह्याचा, विद्यापीठाचा किंवा देशाचा. व्यावसायिक सायकलिंगमधला संघ हा एखाद्या मालाची जाहिरात असतो. साँ-राफाएल हे एका मद्याचे नाव. पुढे टॉम गेला तो प्यूजो संघ सायकली आणि मोटारी बनवणाऱ्यांचा. मालक पैसे देतो, व्यवस्थापक माणसे निवडतो, आणि माणूस जर्सीवर मालकाचे नाव घेऊन डोंगर चढतो. पगार बेताचा. खरी मिळकत ऑगस्टमध्ये, टूर द फ्रान्स संपल्यावर गावोगाव होणाऱ्या छोट्या शर्यतींत. तेथे नुसते हजर राहण्याचे पैसे मिळत, पण किती, ते टूरमध्ये तुमचा नंबर कितवा लागला त्यावर ठरे. हे सौदे मध्यस्थांच्या हातात असत. टॉमचा मध्यस्थ दानिएल दूसे नावाचा होता.

हे लक्षात ठेवून टॉमची पहिली टूर पाहावी. १९६० साली तो एकोणतिसावा आला आणि तीन आठवड्यांत त्याचे वजन तेरा किलोंनी उतरले. अशा अवस्थेत डॉक्टर विश्रांती सांगतील. टॉम लगेच गावोगावच्या शर्यतींना लागला. वर्षाची कमाई तेथेच होती.

त्याच्या विजयांची यादी मोठी आहे, मी सगळी देत नाही. १९६१ साली बेल्जियममधील टूर ऑफ फ्लँडर्स त्याने जिंकली. ही शर्यत जिंकणारा तो पहिला ब्रिटिश. त्याच वर्षी त्याचे हेलनशी लग्न झाले. साँ-ब्रियूच्या दिवसांत त्यांची ओळख झाली होती. बिऱ्हाड त्यांनी बेल्जियममधील गेंट शहरी केले. पुढे त्यांना दोन मुली झाल्या. ५ जुलै १९६२ रोजी टूरमध्ये आघाडीवीराची पिवळी जर्सी त्याच्या अंगावर आली. तीही पहिल्याच ब्रिटिश माणसाच्या अंगावर. एकच दिवस टिकली, पण अखेरीस तो सहावा आला. १९६३ साली बोर्दो-पॅरिस, १९६४ साली मिलान-सान रेमो. आणि सप्टेंबर १९६५ मध्ये स्पेनच्या सान सेबास्तियानजवळ जर्मनीच्या रूडी आल्टिगला मागे टाकून तो विश्वविजेता झाला. त्या वर्षी बीबीसीने त्याला वर्षातील सर्वोत्तम क्रीडापटू ठरवले. फ्रेंच वृत्तपत्रवाल्यांना तो फार आवडे, कारण डोक्यावर गोल इंग्लिश टोपी आणि हातात छत्री घेऊन साहेबी थाटात छायाचित्रे काढून घ्यायला तो सदैव तयार असे. खाणकामगाराचा मुलगा साहेबाचे सोंग उत्तम वठवी, आणि त्याचेही पैसे होतात हे त्याला कळत होते.

आता जमाखर्चाची दुसरी बाजू.

उत्तेजक औषधे सायकलच्या शर्यतींत फार जुनी. टॉमच्या काळात ॲम्फेटामाइनच्या गोळ्या चालत. त्या शक्ती देत नाहीत. थकव्याची जाणीव बंद करतात. शरीर थांब म्हणून सांगत असते, तो निरोप मेंदूला पोचू देत नाहीत. फ्रान्सने १९६५ साली याविरुद्ध कायदा केला. १९६६ च्या टूरमध्ये बोर्दो येथे प्रथम तपासणी झाली, आणि दुसऱ्या दिवशी सायकलपटूंनी वाटेत उतरून, सायकली हातात धरून चालत जाऊन निषेध केला. संघांचे व्यवस्थापक काय करीत होते? बहुतेक जण काहीच करीत नव्हते. माणूस चालतोय ना, मग त्याच्या खिशात काय आहे हे पाहण्याचे त्यांना कारण नव्हते. टॉमने स्वतः १९६५ साली एका इंग्रजी साप्ताहिकात शर्यतींतील सौदे आणि औषधे यांविषयी लिहिले होते आणि त्यावरून बराच रोष ओढवून घेतला होता. त्यामुळे तो निष्पाप होता असे मी म्हणत नाही. त्याला सगळे ठाऊक होते.

१९६६ चे वर्ष वाईट गेले. विश्वविजेत्याला शर्यतींची आमंत्रणे सर्वांत जास्त. पण हिवाळ्यात बर्फावर घसरण्याच्या खेळात त्याचा पाय मोडला आणि विश्वविजेतेपदाचे वर्ष जवळजवळ वाया गेले. १९६७ च्या मार्चमध्ये त्याने पॅरिस-नीस जिंकली, तीही प्यूजो संघातला त्याचा तरुण साथीदार एडी मर्क्स बरोबर असताना. तरी टॉम एकोणतीस वर्षांचा झाला होता. प्यूजोशी असलेला करार वर्षअखेर संपत होता, आणि इटलीच्या साल्वारानी संघाशी बोलणी चालली होती. बोलण्यात वजन यायचे तर टूरमध्ये पहिल्या तिघांत येणे किंवा पिवळी जर्सी मिळवणे भाग होते. दूसेचाही हाच लकडा होता. त्या वर्षीची टूर राष्ट्रीय संघांची होती. ब्रिटिश संघाचे व्यवस्थापक ॲलेक टेलर आणि मेकॅनिक हॅरी हॉल.

आल्प्समध्येच टॉमचे पोट बिघडले. खाल्लेले ठरेना. तरी १३ जुलैच्या सकाळी तो एकूण क्रमवारीत सातवा होता. त्या दिवशीचा टप्पा मार्सेय ते कार्पाँत्रा, २११ किलोमीटरांवर, आणि मध्ये माँ व्हाँतू हा १,९०९ मीटर उंचीचा डोंगर. माथ्याकडे झाड नाही, झुडूप नाही. नुसता पांढरा दगडगोटा. ऊन भयंकर होते. टूरच्या डॉक्टरांनी सकाळीच बोलून दाखवले होते की आज कोणी गोळी घेतली तर जिवावर बेतेल. या डॉक्टरांचे नाव पिएर द्युमा. रोमन लिपीत ते अगदी आपल्या सुरतेच्या डुमससारखे लिहितात, म्हणून मी पुस्तकात त्यांना बराच वेळ डॉक्टर डुमसच वाचत होतो.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण औषधाच्या चर्चेत ती मागे पडते. त्या काळच्या नियमाप्रमाणे सायकलपटूला दिवसभरात पाण्याच्या चारच बाटल्या मिळत, म्हणजे सुमारे दोन लिटर. गाडीतून पाणी देण्यास मनाई. त्यामुळे डोंगराच्या पायथ्याशी सायकलपटू वाटेतल्या उपाहारगृहांत घुसत आणि हाताला येईल ती बाटली उचलून आणत. त्या दिवशी टॉमच्या वाट्याला आली ती ब्रँडी.

माथा दीड-दोन किलोमीटरांवर राहिला असता टॉम रस्त्याच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे झोकांड्या खाऊ लागला आणि पडला. हॉल गाडीतून उतरले. त्यांचे मत झाले की आता बस्स, याची टूर संपली. टॉम ऐकेना. टेलरनी ठरवले की त्याला जायचे असेल तर जाऊ द्यावे. त्याला उचलून सायकलवर बसवले आणि ढकलून दिले. टॉमचे शेवटचे म्हणून जे वाक्य जगभर छापले जाते, ते एका इंग्रज बातमीदाराने रचलेले आहे. तो बातमीदार त्या वेळी तेथे नव्हताच. म्हणून ते मी येथे देत नाही.

तो आणखी साडेचारशे मीटर गेला. मग प्रेक्षकांनी त्याला धरले. शुद्ध गेली होती, पण बोटे हँडलला अशी आवळलेली की ती एकेक करून सोडवावी लागली. डॉक्टर द्युमा आले, कृत्रिम श्वास दिला, हेलिकॉप्टरने आव्हिन्याँच्या रुग्णालयात नेले. संध्याकाळी ५ वाजून ४० मिनिटांनी तो मरण पावल्याचे जाहीर झाले. जर्सीच्या मागच्या खिशात गोळ्यांच्या तीन नळ्या सापडल्या. दोन रिकाम्या, एक अर्धी भरलेली.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून त्याचा देशबंधू बॅरी होबन याला पुढे जाऊ दिले. हारवर्थच्या अंत्यविधीला युरोपातील मोठ्या सायकलपटूंपैकी एकटा मर्क्स आला होता.

हे प्रकरण मी वाचले त्या आठवड्यातली गोष्ट. आमच्या खात्यात ओरिसाच्या गंजाम जिल्ह्यातला एक कारागीर होता. पाळी बारा तासांची. तो आठवड्यातून दोनदा-तीनदा दुसऱ्याची पाळीही आपणच घेई, म्हणजे सलग चोवीस तास. मीटरप्रमाणे मजुरी, त्यामुळे माझ्या पत्रकात त्याची बेरीज सर्वांच्या वर. मला तिचा अभिमानही वाटू लागला होता; आपण लिहिलेली रक्कम मोठी असली की हिशेबनिसाला उगीचच बरे वाटते. एका पहाटे तो दोन मागांच्या मधल्या बोळात खाली बसला, तो उठेना. आम्ही त्याला बाहेर वाऱ्यावर आणला. शर्टाच्या खिशातून विडीचे बंडल काढताना गोळ्यांची अर्धी पट्टी हाताला लागली. जागरणाच्या गोळ्या, मास्तरांना ठाऊक होते, बाजूच्या मागवाल्याला ठाऊक होते. पाणी पिऊन तासाभराने तो उठला आणि पुन्हा मागाकडे निघाला. कोणी अडवले नाही. मीही नाही. मी हजेरीबुकात त्याची पाळी पूर्ण लिहिली.

टेलरना दोष देणे मला त्या दिवसापासून जमेनासे झाले आहे.

टॉमनंतर जगाने काय केले ते थोडक्यात सांगतो. १९६८ पासून टूरमध्ये नियमित तपासणी सुरू झाली. पण तपासणी सायकलपटूची होई, व्यवस्थापकाच्या वहीची नव्हे. तिसाव्या वर्षी, जुलै १९९८ मध्ये, फेस्तिना या घड्याळवाल्यांच्या संघाचा मालिशवाला विली व्हॉएट औषधांनी भरलेली मोटार घेऊन बेल्जियमहून फ्रान्सच्या हद्दीत शिरताना पकडला गेला. मग संघाचे व्यवस्थापक ब्रुनो रूसेल यांनी कबूल केले की औषधांची सगळी व्यवस्था संघच पाहत होता. म्हणजे १९६७ साली व्यवस्थापक नुसता दुसरीकडे पाहत होता. १९९८ साली तो स्वतःच खरेदी करू लागला होता.

त्यानंतर झीरो टॉलरन्स हा शब्द पुढे आला. अजिबात गय नाही. २०१० साली ब्रिटनमध्ये स्काय नावाचा संघ निघाला, त्याचे धोरणच असे की पूर्वी कधीही औषधांशी संबंध आलेल्या माणसाला येथे जागा नाही. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये लान्स आर्मस्ट्राँगचे प्रकरण उघड झाल्यावर या संघाने प्रत्येकाकडून तसे लेखी मागितले. बॉबी ज्युलिक आणि स्टीव्हन दे याँग या दोन प्रशिक्षकांनी आपली जुनी चूक कबूल केली, आणि दोघांची नोकरी गेली. त्याच संघाने २०११ आणि २०१२ साली कामावर घेतलेले डॉक्टर खेर्ट लैंडर्स यांच्यावर मात्र आधीच्या संघातील कृत्यांबद्दल २०१५ साली तहहयात बंदी आली. याउलट अमेरिकेच्या गार्मिन संघाचे व्यवस्थापक जोनाथन वॉटर्स यांनी कबुली देणाऱ्यांना ठेवून घेतले; ते स्वतःही त्यांतलेच होते. ब्रिटनचा ब्रॅडली विगिन्स २००९ साली या गार्मिनकडून व्हाँतू चढला, तेव्हा त्याने सायकलच्या दांड्यावर टॉमचे छायाचित्र चिकटवले होते. पुढे २०१२ साली तो स्कायकडून टूर जिंकणारा पहिला ब्रिटिश ठरला.

अजिबात गय नको, हे ऐकायला चांगले वाटते आणि नियम म्हणून मला ते पटतेही. पण खरे बोलणारा घरी जातो आणि गप्प बसणारा राहतो, असा नियम असेल तर तो कोणती सवय लावील? शिवाय या सगळ्यात एक आकडा कोणी हलवत नाही. टूरमध्ये दहावा आला तर किती आणि तिसरा आला तर किती, यातला फरक. पाण्याच्या चार बाटल्यांचा नियम कोणी केला आणि त्याची सही कोणी दिली, हेही सहसा विचारले जात नाही. आमच्या ऑडिटच्या तासाला व्हाउचर तपासायला शिकवतात. दर कोणी ठरवला ते व्हाउचरवर नसते.

हे लिहितो आहे म्हणून मी फार शहाणा ठरलो असे नाही. पहाटेच्या त्या प्रकारानंतर चार दिवसांनी मी काकांना सांगितले. काका बराच वेळ गप्प राहिले, मग मास्तरांशी बोलले. दुसऱ्या दिवसापासून नियम झाला : कोणाच्याही खिशात गोळी सापडली तर त्याच दिवशी हिशेब चुकता, आणि सलग दोन पाळ्या कोणालाच नाहीत. मला वाटले, झाले. महिनाअखेर मी पत्रक लिहिले तेव्हा गंजामच्या त्या कारागिराची रक्कम निम्म्याच्या आसपास आली होती. दर मीटरला होता तोच होता. गावाकडे पैसे पाठवायचे दिवस होते. त्याने पत्रकावर अंगठा उठवला, आकड्याकडे पाहिले आणि माझ्याकडे पाहिलेच नाही. पुढच्या आठवड्यात तो जवळच्या दुसऱ्या खात्यात लागल्याचे कळले. तेथे दोन पाळ्या मिळतात.

व्हाँतूवर टॉम पडला त्या जागी दगडी स्मारक आहे. सायकल वाचणाऱ्या आणि चालवणाऱ्या लोकांनी वर्गणी काढून ते १९६८ साली उभारले. वर चढून येणारे सायकलवाले तेथे थांबतात, टोपी ठेवतात, आणि बरेच जण आपली पाण्याची बाटली ठेवून जातात.